तीनशे पावलांची हातगाडी

मी एक जुनी हातगाडी आहे. सध्या एका भिंतीला टेकून उभी आहे, म्हणजे मला उभं केलेलं आहे. मला स्वतःला एका जागी थांबणं अजिबात जमत नाही. तेव्हा मित्रांनो, बोलताना मी जरा घाई केली, तर सांभाळून घ्या.

सीमेजवळच्या एका सुताराने मला घडवलं. फळ्या जाडजूड, दांडे गुळगुळीत, चाकं भक्कम. तरी पहिल्याच वर्षी उजवं चाक मोडलं, तेही पलीकडच्या फाटकापाशी. तिथल्या लोहाराने त्याच्याकडचं चाक बसवून दिलं. ते बोटभर मोठं निघालं! तेव्हापासून माझं एक चाक या देशाचं, एक त्या देशाचं, आणि मी सतत डावीकडे ओढ घेणारी. मला सरळ चालवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं.

ते काम जमायचं मला ओढणाऱ्या दादाला. दोन देशांची दोन फाटकं होती आणि मध्ये तीनशे पावलांचा उघडा रस्ता. इकडचा ट्रक तिकडे जायचा नाही, तिकडचा इकडे यायचा नाही. सगळा माल उतरवायचा, माझ्यावर लादायचा, तीनशे पावलं न्यायचा आणि पलीकडच्या ट्रकमध्ये भरायचा. कांदे नेले, साबण नेले, शिवणयंत्रं नेली. एकदा तर आरशाचं अख्खं कपाट नेलं आणि काचेला ओरखडासुद्धा पडला नाही. तेव्हा लोकांनी माझी पाठ थोपटली होती, दादाची नाही. तो नुसता हसला.

दादाची धाकटी बहीण पलीकडे दिली होती. दादाला पलीकडच्या फाटकापुढे जायची परवानगी नव्हती. त्यामुळे ती फाटकापर्यंत यायची आणि गजांच्या दोन बाजूंना उभं राहून दोघं बोलायची. एकदा तिने कोंबड्या पाळायचं ठरवलं. सासरी सगळ्यांनी नाकं मुरडली, पण ती हट्टाला पेटली. चांगली पिल्लं मिळायची ती इकडे. एका दिवसाची दोनशे पिल्लं, भोकाभोकांच्या खोक्यांतून, माझ्यावर आली. काय तो चिवचिवाट! माझ्या फळ्यांना गुदगुल्या होत होत्या.

आता एक गंमत सांगते. त्या वेळी कुणाला ती गंमत वाटली नाही. पलीकडचं घड्याळ आमच्यापेक्षा अर्धा तास पुढे. जेवणाची सुट्टी दोन्हीकडे एक ते दोन, पण ज्याच्या त्याच्या घड्याळाने. दादाने पाहिलं आपलं घड्याळ. साडेबारा व्हायचे होते, म्हणून तो निश्चिंत निघाला. पोचलो तर पलीकडे एक वाजला होता आणि फाटक बंद. तासाभराने ते उघडलं, तर कागदावर एक शिक्का कमी निघाला. शिक्का आणायला मागे वळलो, तर आता आमचं फाटक जेवायला गेलेलं! धड इकडे नाही, धड तिकडे नाही. सावलीला एक झाड नव्हतं. दादाने अंगातला सदरा काढून खोक्यांवर धरला. चिवचिवाट हळूहळू कमी होत गेला, आणि मला जागचं हलता येत नव्हतं. मला अजून ते आठवलं की आस करकरतो.

दोनशेतली चाळीस वाचली. बहिणीने खोकी उघडून पाहिली आणि पुन्हा झाकली.

"दादा, पुढची खेप अशीच आली, तर मी हा नाद सोडते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दादा दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधू लागला, डाव्यावर इकडचं, उजव्यावर तिकडचं. लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. तो दोन्ही खिडक्यांवर जाऊन विनवायचा, की तुम्ही एकाच वेळी जेवा हो. आमचे साहेब म्हणाले, घड्याळ माझ्या हातात नाही. पलीकडच्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, भूक माझ्या हातात नाही.

पुढची खेप आली. दादा लवकर निघाला होता, पण आमच्याच फाटकावर रांग तुंबली. आम्ही धावत पोचलो, तेव्हा बाई कडी लावत होत्या. दादाने दोन्ही मनगटं पुढे केली.

"बाई, या हातावर साडेबारा, या हातावर एक. पिल्लांना दोन्ही कळत नाहीत. त्यांना फक्त ऊन कळतं."

बाईंनी एका खोक्याचं झाकण उचलून पाहिलं. मग आत जाऊन त्या शिक्का घेऊन आल्या आणि सोबत डबाही. डबा माझ्या फळीवर मांडला आणि जेवता जेवता कागद तपासू लागल्या. याही वेळी एक शिक्का कमी होताच! त्यांनी आमच्या साहेबांना हाक मारली. साहेब आले, एका हातात शिक्का, दुसऱ्या हातात डबा. त्या दिवशी दोन देश माझ्यावर जेवले, मित्रांनो. पिल्लं एकशे शहाण्णव वाचली. बहीण गजाला डोकं टेकून रडली.

एकाच वेळी सुट्टी घ्या, असा हुकूम वरून यायला चार वर्षं लागली. जेवणं मात्र दुसऱ्या दिवसापासून एकत्र सुरू झाली.

पुढे दोन्ही फाटकांच्या जागी एकच कचेरी झाली. आता ट्रक सरळ जातात, एकदाच तपासणी, दहा मिनिटांत पार. पिल्लांच्या गाड्या माझ्यासमोरून चिवचिवत जातात, थांबत नाहीत. मला त्याचा आनंद आहे, खोटं कशाला बोलू? पण मला कुणी विचारत नाही. पावसात माझी एक फळी फुगली, दांड्यावर कावळे बसतात.

गेल्या महिन्यात दादा ट्रकात बसून पहिल्यांदा बहिणीच्या घरी गेला. परत आला तो थेट माझ्याकडे. तिचं अंगण केवढं मोठं आहे, कोंबड्या किती आहेत, आणि ती अजून खाद्याची पोती डोक्यावरून वाहते, हे त्याने मला सांगितलं. मला तिच्याकडे न्यायचं त्याने ठरवलं आहे.

पण अर्जात रकाना आहे: माल की वाहन? आणि दुसरा: कोणत्या देशाचं? खिडकीतला नवा साहेब माझ्या दोन चाकांकडे बघतो आणि अर्ज बाजूला ठेवतो. आयुष्यभर मी सगळ्यांना पलीकडे पोचवलं आणि आता माझंच अडलं आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी अशा खिडकीत बसेल. तेव्हा कागद जरूर तपासा, पण एकदा झाकण उचलून आतही बघा. मध्येच कुणाला उभं करू नका. उन्हात थांबणं फार वाईट असतं, मी थांबले आहे.

आज सकाळी दादाने माझ्या आसाला तेल घातलं. दोन्ही मनगटांवर घड्याळं आहेत, आणि तो खिडकीपाशी उभा आहे.