चादरीखालचा डावा पाय

टेलरमास्तर पडले ते स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या स्टुलावरून आणि गळ्यात टेप असताना. गिऱ्हाईक होतं बँडमध्ये भोंगा वाजवणारे एक गृहस्थ. त्यांची उंची अशी, की खांद्याचं माप घ्यायला मास्तरांना स्टुलावर चढावं लागलं. माप झालं, मास्तरांनी मोठ्यांदा "साडेअठरा!" असं पुकारलं, आणि आकडा लिहायला म्हणून सवयीने एक पाऊल मागे टाकलं. मागे काहीच नव्हतं. उजव्या गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला आणि मास्तर कोटाच्या अस्तरांच्या ढिगात जाऊन पडले.

हाड मोडलं नव्हतं, पण गुडघ्याच्या आतली एक दोरी निम्मी फाटली होती. तीन आठवडे पट्टा आणि त्यानंतर सहा आठवडे व्यायाम, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं, आणि मास्तरांची खाटही तिथेच मशीनशेजारी टाकली होती. पट्ट्याच्या त्या तीन आठवड्यांतच मास्तरांच्या बायकोने एक खोकं आणून शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर ठेवलं.

"हे काय?"

"मोटर. सहा आठवड्यांत तुमचा पाय पायडल मारायला लागला तर ठीक. नाहीतर ही बसवायची. दुकान किती दिवस बंद ठेवणार?"

मास्तरांचा चेहरा पडला. पस्तीस वर्षं त्यांनी मशीन पायानेच चालवलं होतं. खिशाच्या कोपऱ्यावर नेमकं कुठे थांबायचं, हे डोक्याच्या आधी पायाला कळतं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. मोटर म्हणजे नुसती सुसाट, तिला कोपरा कळत नाही. मोटर बसली की आपण शिंपी कसले, मशीनचे राखणदार, अशी त्यांची खात्रीच होती.

तेव्हा व्यायाम करायलाच हवा होता. दर शनिवारी व्यायामाच्या बाई घरी यायच्या. वयाने मास्तरांच्या निम्म्या, आवाजाने दुप्पट. त्यांनी तीन प्रकार शिकवले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. टाच गादीवरून घासत मागे न्यायची. आणि पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, मग हळूच खाली. सगळं उजव्या पायाने, दिवसातून दोनदा.

पहिल्या दिवशी मास्तरांनी पाय चार बोटं उचलला आणि त्यांना ब्रह्मांड आठवलं. दुखलं ते एक वेळ सोसलं असतं. पण गुडघ्याच्या आत कुठेतरी काहीतरी हललं, आणि आता परत 'कट्' होणार असं वाटून मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते घाबरले होते, अगदी लहान मुलासारखे, आणि हे कुणाला सांगायचीही त्यांना लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगावर चादर मागितली. "वारा येतो खिडकीतून," म्हणाले.

बायको दाराशी खुर्ची टाकून शर्टांना काज करत बसायची आणि तिथूनच मोजायची. चादर वर गेली की "एक". चादर खाली. पुन्हा वर, "दोन". चादरीखाली मास्तरांचा डावा पाय, ज्याला आयुष्यात सर्दीसुद्धा झाली नव्हती, डौलात वर-खाली होत होता. उजवा शेजारी लोळत पडला होता. मास्तर मधूनमधून "आई गं!" असं कण्हायचे, कारण नुसताच पाय उचलला तर कुणाला खरं वाटणार? वीसचे तीस झाले, तिसाचे चाळीस. पुढे पुढे तर त्यांना गंमत वाटायला लागली. शेजारीपाजारी "मास्तरांची जिद्द बघा" म्हणायला लागले, आणि मास्तर ते निमूटपणे ऐकून घ्यायचे.

डाव्या मांडीला मात्र कुणी सांगितलं नव्हतं की हे नाटक आहे. ती भरत चालली. चौथ्या आठवड्यात मास्तरांची एकही पँट डावीकडून वर चढेना, आणि उजवीकडे मात्र वाऱ्यावर फडफडायला लागली. मास्तर ढगळ पायजमा घालून वावरू लागले.

पाचव्या शनिवारी बाई टेप घेऊन आल्या. "दुखऱ्या मांडीचा घेर मोजू. सुरुवातीला वीस इंच होता. व्यायाम केला असेल तर वाढलाच पाहिजे."

मास्तरांनी बाईंच्या टेपकडे असं बघितलं, जसं काही ती रस्त्यावर सापडली असावी. "ही ताणलेली दिसते, बाई. माझी घ्या."

आता मास्तरांच्या ड्रॉवरमध्ये दोन टेप असायच्या. एक खरी. दुसरी खास काटकुळ्या तरुणांसाठी राखलेली. तिचा पहिला इंच कापून पितळी टोक पुन्हा बसवलेलं होतं, त्यामुळे कुणाचीही छाती एका इंचाने रुंद निघायची आणि गिऱ्हाईक खुशीत घरी जायचं. शिवताना मास्तर तो इंच गुपचूप वजा करत. तीच टेप त्यांनी बाईंच्या हातात दिली.

"एकवीस!" बाईंनी टाळीच वाजवली. "एका इंचाने वाढ! मास्तर, कमाल केलीत. पुढच्या शनिवारी मला मशीन चालवून दाखवायचं. माझं काम संपलं."

मास्तरांनी हसून मान डोलावली. दाराशी बायकोने दाताने दोरा तोडला.

मंगळवारी ती बाजारात गेल्याबरोबर मास्तर लंगडत मशीनवर जाऊन बसले. उजवा पाय पायडलवर ठेवला, दाबला. पाय थरथरला, चाक अर्धा फेरा पुढे गेलं, तेवढंच मागे आलं, आणि दोरा तुटला. पुन्हा तेच. मग त्यांनी नाद सोडून डावा पाय ठेवला. चाळीस-चाळीस वेळा चादर उचललेला तो पाय! मशीन असं उधळलं की सुईखालचा शर्ट त्यांच्या हातातून सुटला, आणि ते थांबवेपर्यंत डावी बाही खिशाला, खिसा कॉलरला आणि कॉलर उजव्या बाहीला शिवली गेली होती. शर्ट पोस्टमनचा होता. मास्तरांनी त्याची घडी घालून तो गादीखाली दडपला.

शनिवार उजाडला. आता बाई येणार, पाय चालणार नाही आणि सगळ्यांसमोर शोभा होणार. शिवाय ते खोकं फळीवरून खाली उतरणार. मास्तर खाटेच्या कडेवर बसून होते. चहा निवून गेला होता.

"अहो, ही घाला," बायको म्हणाली. हातात नवी करडी पँट होती. "बाईंसमोर पायजम्यात बसणार का? मी शिवलीये."

"तू?" मास्तरांना अशा वेळीही हसू आलं. ती काज करायची, बटणं लावायची, तुरपाई करायची. कातर मात्र मास्तरांनी तिच्या हातात कधी दिली नव्हती. "पँट कापणं म्हणजे काय पोळपाट-लाटणं आहे?"

"घालून तरी बघा."

त्यांनी घातली. डावा पाय आत गेला, उजवाही गेला, बटण लागलं. मांडीवर कुठे सुरकुती नाही, कुठे फुगा नाही. पस्तीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठीही इतकी बेतशीर पँट शिवली नव्हती.

"बरी झाली की गं," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा हात मांडीच्या शिवणीवर थांबला. शिंप्याचं डोकं शेवटी. या पायांना कुठलीही सरळ पँट बसणं शक्यच नव्हतं.

त्यांनी ती उतरवली, टेबलावर पसरली आणि ड्रॉवरमधून खरी टेप काढली. डावीकडची मांडी उजवीपेक्षा पूर्ण दोन इंच मोठी कापलेली होती. पँट उलटी केली. उजवीकडच्या शिवणीत आतून दोन इंच कापड जास्त सोडलं होतं, आणि अर्ध्या-अर्ध्या इंचावर खडूच्या चार बारीक खुणा होत्या.

मास्तरांना वर बघवेना. "कधी कळलं तुला?"

"दुसऱ्याच दिवशी. तुमचा उजवा पाय भिंतीकडे असतो. चादरीचा डोंगर खिडकीकडे व्हायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही डावाही उचलला नसता." तिने पँट उचलून नीट घडी घातली. "वाटलं, भीती गेली की स्वतःच पाय बदलाल. पण तुम्ही तर टेपच बदललीत."

"मला वाटतं, गुडघ्यातली ती दोरी पुन्हा फाटेल," मास्तर म्हणाले. हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

ती स्टुलावर चढली आणि फळीवरचं खोकं खाली काढलं. मास्तरांनी डोळे मिटले. धप्प असा आवाज झाला. त्यांनी डोळे उघडले तेव्हा खोकं त्यांच्या पायांसमोर जमिनीवर होतं, वर घडी केलेला टॉवेल.

"पुढे पायऱ्या चढायचा व्यायाम लागेल ना? ही पायरी. मजबूत आहे, आत लोखंड आहे. उजवी मांडी भरेल तशी शिवण एकेका खुणेने उसवू. चारही खुणा होईपर्यंत मोटर खोक्यातच राहील. बाईंना मी सांगते. आणि गादीखालचा शर्टही मीच उसवते."

"तो पण कळला?"

"पोस्टमन दोनदा विचारून गेला."

मास्तर खाटेवर आडवे झाले. तिने सवयीने चादर पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली. बारीक, फिकट, दोन महिने ऊन न लागलेला उजवा पाय उघड्यावर होता, आणि त्याच्याकडे बघायची त्यांना अजूनही धास्ती वाटत होती.

गेले पाच आठवडे मान खाली घालून चाळीसपर्यंत मोजणाऱ्या बायकोने आज हातातला शर्ट बाजूला ठेवला, खुर्ची भिंतीजवळ ओढली आणि पायाकडे बघत बसली.

पाय थरथरला. चार बोटं वर आला.

"एक," ती म्हणाली.