दीड वाजताचा फोन

शिंदखेड्याच्या वाचनालयाबाहेर काळा फळा आहे. तिथे काम करणारी दिपमाला रोज सकाळी तो लिहायची. वर दिनविशेष, मध्ये एखाद्या थोर माणसाची चार ओळींत ओळख, खाली ऋतू आणि आरोग्य. दोन पुस्तकांत पडताळल्याशिवाय ती खडू हातात घेत नसे. मे महिन्यातल्या त्या मंगळवारी तिने खाली लिहिलं: 'उष्माघातात अंग तापतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो. त्याला लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओता.'

तिचा नवरा लीलाधर रावेरला केळीच्या गाड्या भरायला गेला होता. दीड वाजता त्याचा फोन आला.

"अक्का, बैल सोडी दे. ऊन लागी राह्यनं."

अक्का म्हणजे त्याची बहीण, ती वारून चार वर्षं झालेली. बैल तर त्याआधीच विकलेले. त्याची जीभ जड पडत होती. असं बोलणं दिपमालाने लग्नानंतर कितीतरी संध्याकाळी ऐकलं होतं. दारू सोडून त्याला दोन वर्षं झाली होती, पण तिच्या मनातली धास्ती गेली नव्हती.

"परत पिनात ना?" ती ओरडली. "शुद्धीवर या, मग फोन करा!"

त्याने पुन्हा फोन केला. तिने घेतला नाही.

चार वाजता मुकादमाने कळवलं. लीलाधर ट्रकच्या मागे पडलेला सापडला. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. रावेरला पोचल्यावर तिने डॉक्टरांना पहिलं हेच विचारलं, "प्यायले होते का हो?"

"नाही, ताई. उष्माघात."

तेराव्यानंतर सासू मंदाबाई तिच्याजवळ येऊन बसली. फोनचं तिला सोबतच्या मजुरांकडून कळलं होतं.

"शेवटलं काय बोलना मना लीलाधर?"

खोटं सांगता आलं असतं. दिपमालाने सगळं सांगितलं, न घेतलेल्या दुसऱ्या फोनसकट.

मंदाबाई हळूच म्हणाली, "तुन्या जागी मी ऱ्हातू, तर मीबी तेच समजतू, पोरी."

शिव्या दिल्या असत्या तर दिपमालाने सोसल्या असत्या. दोन वर्षं तो थेंबाला शिवला नव्हता, आणि घरातल्या दोघींपैकी एकीनेही त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्याने रडली. मंदाबाईने तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.