ॲरिझोनाचे दहा

वर्ला नाही म्हणायलाच आली होती. औषधांच्या दुकानातली पाळी संपवून निघतानाच तिने वाक्य घोटून ठेवलं होतं: बाबा, उद्याचं रद्द. पण दार उघडून बघते तर काय, म्हाताऱ्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळा संसार मांडलेला. पाण्याच्या बाटल्या, खारे शेंगदाणे, टोपी, काठी आणि घड्या पडून चिंध्या झालेला दरीचा नकाशा.

"माणशी पाच लिटर," थेरॉन म्हणाला. "त्यातल्या दोन बाटल्या अर्ध्या वाटेवर झाडाखाली ठेवायच्या, नाव-तारीख घालून. परतीच्या चढाला कामी येतात."

"बाटलीवरचं नाव तुम्हाला वाचता तरी येईल का, बाबा?"

"वाचायचं कशाला? बाटली माझीच ना!"

वर्लाला हसू आलं, ते तिने गिळलं. म्हाताऱ्याला दोन्ही डोळ्यांनी कडेकडेचं दिसायचं, समोरचं सगळं पुसट. हिवाळ्यापर्यंत उरलेलंही जाईल, असं डॉक्टर सांगून बसले होते. आणि याला जायचं होतं विलो दरीच्या पार टोकाला, जिथे लाल भिंतीतून बारा महिने पाणी झिरपतं आणि भिंतभर नेचे लोंबतात.

ती भिंत वर्लाने कधी पाहिलीच नव्हती. अकरा वर्षांची असताना बाप तिला घेऊन गेला होता. दहाला माघारी फिरायचं हे आधीच ठरलेलं. त्या भट्टीत दहानंतर पुढे जातो तो वेडाच. शेवटचं वळण शंभर पावलांवर आलं, पाण्याचा गार वास यायला लागला, आणि बापाने मनगटाकडे पाहिलं. "दहा वाजले. फीर मागे." ती रडली, पाय आपटले, वाळूत बसकण मारली. काही उपयोग झाला नाही. त्यानंतर तिने बापाबरोबर दरीत पाऊल टाकलं नाही. बापाचं मात्र गावभर नाव झालं. चर्चमध्ये पोरांना शिस्त शिकवायची म्हटली की थेरॉनच्या दहाचा दाखला ठरलेला. वर्लानेही आपल्या पोरांना तोच नियम लावला, दातओठ खाऊन का होईना.

"मी येत नाही," ती म्हणाली. "तुम्हीही जायचं नाही. पाय घसरला तर मी एकटी तुम्हाला वर कशी आणू?"

"शेजारी नेल्डाकडे वेळांचा कागद देऊन ठेवू. एकपर्यंत परतलो नाही तर ती शेरीफला फोन करेल."

"कागद काय उचलून आणणार आहे तुम्हाला?"

म्हाताऱ्याने शेंगदाण्यांची पिशवी उगीच इकडची तिकडे केली.

"त्या दिवशी माझं घड्याळ बंद पडलं होतं," तो म्हणाला. "मी तुझ्या आईचं घातलं होतं."

"बरं, मग?"

"तुझी आई कानाबला नोकरीला होती, पोरी."

वर्लाला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. कानाब युटात, हे घर फ्रेडोनियात, म्हणजे ॲरिझोनात. मध्ये दहा मिनिटांचा रस्ता, आणि उन्हाळाभर युटाचं घड्याळ एक तास पुढे. इथलं शेंबडं पोरसुद्धा आधी 'कुठली वेळ?' विचारतं, मगच हो म्हणतं.

"म्हणजे नऊच वाजले होते?"

"नऊच. गाडीपाशी नेल्डाचा नवरा भेटला. म्हणाला, इतक्या लवकर कसे परतलात? तेव्हा कळलं. तू रडून रडून झोपली होतीस. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये माझंच कौतुक झालं. मग सांगायला तोंड उरलं नाही."

"सदतीस वर्षं, बाबा! लबाड आहात तुम्ही!"

"आहे," म्हातारा म्हणाला. "ती भिंत मला तुला दाखवायची आहे. मला दिसतंय तोवर. पुढे तू एकटीही बघून येशील गं, पण मी दाखवली, असं नाही होणार."

वर्लाला असा संताप आला की ती उठून नळाशी गेली. पेलाभर पाणी प्यायली, आणखी एक प्यायली. त्याला बोल बोल बोलावंसं वाटत होतं, आणि त्याची कीवही येत होती. मग परत येऊन तिने नेल्डासाठी लिहिलेला कागद ओढला. म्हाताऱ्याच्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. तिने तो फाडला आणि जाड पेनाने नवा लिहिला: निघणे पाच. माघार दहा. बाहेर एक. प्रत्येकापुढे ॲरिझोना.

"वाचा."

थेरॉनने मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कडेने एकेक शब्द वाचला. "केवढं हे अक्षर! नेल्डा काय आंधळी आहे?"

"नेल्डासाठी कुठे लिहिलंय?" ती म्हणाली. "आणि उद्याही वळणापाशीच दहा वाजले तर?"

म्हाताऱ्याने काठी हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली.

"तर फिरायचं," तो म्हणाला. "दहा म्हणजे दहा."

वर्लाने पेनाचं टोपण पुन्हा काढलं, पाच खोडले आणि वर चार लिहिले.