टाकीमागे कुतैबा

अबू सरमदच्या गेम हॉलमध्ये दुपारी गर्दी नसते आणि गल्लीतला जनरेटरही तेव्हा फारसा कुरकुरत नाही. म्हणून मुहन्नद मेहुण्याच्या टायरच्या दुकानातून जेवणाच्या वेळी सटकायचा आणि हेडफोन चढवून बसायचा. तिशी उलटलेली, लग्नाचा पत्ता नाही, हातावरचा काळा डाग साबणाने जात नाही. पण मोसुलमध्ये नदीच्या या काठावर त्याच्यासारखा नेम कुणाचा नव्हता.

तो एकच प्रकार खेळायचा, जो तो एकटा. एका पडक्या गावात डझनभर जण सोडतात. कुणी कुणाचा साथीदार नाही, दिसेल त्याला मारायचं. मेलात तर दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा उभे राहता. डाव संपला की रँक वर तरी जाते, नाहीतर घसरते. हंगाम संपताना या भागातले सर्वांत वरचे खेळाडू आखातात अंतिम सामन्याला जाणार होते आणि व्हिसा आयोजकच काढून देणार होते. मुहन्नदला एकदा तिथे पोचायचं होतं आणि परत यायचं नव्हतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, आईला तर नाहीच.

रँक वर गेली की खेळाडू विरळ होतात, तीच तीच नावं समोर येतात. त्यातलाच एक ‘बेनाव’ म्हणून खेळायचा. मुहन्नदने त्याला कितीदा तरी मारलं होतं, त्याच्याकडून मारही खाल्ला होता. एका दुपारी तो छपरावर लपला होता. खाली बेनाव एका दाराशी आला, दोनदा खाली बसला, दोनदा उठला आणि मग आत शिरला.

मुहन्नदचं बोट तसंच राहिलं. दारात असं बसणारा त्याला आयुष्यात एकच माणूस भेटला होता. शेजारच्या घरातला कुतैबा. लहानपणी दोघे एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचे आणि हा प्रत्येक दाराशी असंच करायचा. का विचारलं तर म्हणायचा, “नशीब जागं करतोय.”

या खेळात जवळ आलेल्याचा आवाज ऐकू येतो. मुहन्नदने माइक तोंडाशी धरला.

“कुतैबा?”

पलीकडे नुसती खरखर.

“अजून दारात बसतोस काय रे, अंडं घालणाऱ्या कोंबडीसारखा?”

मग हसू फुटलं. “मुहन्नद! गाढवा, जिवंत आहेस तू?”

“आहे म्हणायचं. वर ये, पाण्याच्या टाकीमागे. तिथे कुणी येत नाही.”

दोघे टाकीमागे बंदुका खाली करून उभे राहिले. खाली बाकीचे एकमेकांना मारत होते.

काही वर्षांपूर्वी कुतैबाचा मोठा भाऊ शहर बळकावणाऱ्या काळ्या झेंडेवाल्यांना जाऊन मिळाला होता. त्याच लोकांनी मुहन्नदच्या बापाला नाक्यावरून उचललं आणि प्रेतसुद्धा दिलं नाही. भाऊ त्या दिवशी तिथे होता की नव्हता, कुणाला ठाऊक नाही. शहर त्यांच्या हातून सुटल्यावर कुतैबाच्या भिंतीवर कुणीतरी काळ्या रंगाने ‘हे त्यांचं घर’ असं लिहिलं आणि ते घर रातोरात रिकामं झालं. कुतैबाच्या घरचे सामान ट्रकवर चढवत होते तेव्हा मुहन्नद वरच्या खिडकीत उभा होता. खाली उतरला नव्हता.

“खाला कशी आहे?” कुतैबाने मुहन्नदच्या आईबद्दल विचारलं.

“बरी आहे. गुडघे गेलेत.”

“आणि आमचं घर? द्राक्षाचा वेल?”

“आहे की. यंदा बहरलाय.”

घर पाडून तिथे आता शहर सोडवणाऱ्या बंदूकवाल्यांच्या गाड्या उभ्या राहायच्या. वेल कधीच गेला होता.

मग रोज असंच होऊ लागलं. डावात दोघे सापडले की टाकीमागे भेटायचे. कुतैबा खाजिर नदीच्या पलीकडे, अशा घरांतल्या लोकांना ठेवलेल्या छावणीत होता. छावणीतल्या एका दुकानदाराचा जुना लॅपटॉप तो दुपारचा वापरायचा.

“तुझा नंबर दे,” मुहन्नद एकदा म्हणाला.

“वेडा आहेस का? नाक्यावर फोन बघतात. आमच्या घरचं नाव तुझ्या फोनमध्ये सापडलं तर मेहुण्याचं दुकान बंद पडेल. इथेच बोलू.”

हंगाम संपत आला. मुहन्नद आखातात जाणाऱ्यांच्या यादीच्या जरासा खाली होता.

“मला मार,” कुतैबा म्हणाला.

“गप.”

“अरे मार म्हणतो ना! माझी रँक वरची आहे, तुला घसघशीत पॉइंट मिळतील. मला कुठे जायचंय? ओळखपत्रच देत नाहीत आम्हाला, पासपोर्ट कसला घेऊन बसलास.”

“मग खेळतोस कशाला?”

“इथे कुणी विचारत नाही, कोणत्या घरचा म्हणून.” तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. “चल, उरक. माझा लॅपटॉप तापलाय.”

मुहन्नदने गोळी झाडली. कुतैबा मेला, दुसऱ्या कोपऱ्यात उठला, धावत पुन्हा टाकीमागे आला आणि उभा राहिला. पहिल्या दिवशी मुहन्नदने गोळी झाडताना दुसरीकडे बघितलं. चौथ्या-पाचव्या दिवशी तो बोलत बोलत मारू लागला. आईच्या गुडघ्यांचं सांगायचा, मेहुण्याच्या कंजूषपणाचं, आणि मध्येच चाप ओढायचा. कुतैबा हसायचा. रँक चढली. अबू सरमदने सगळ्या हॉलला चहा पाजला.

दोन दिवसांनी अकाउंट उघडेना. पडद्यावर दोन ओळी होत्या. या प्रकारात संगनमताला बंदी आहे, आपलं आणि आपल्या साथीदाराचं अकाउंट कायमचं बंद करण्यात आलं आहे. मुहन्नदने विनंती पाठवली. चहाचा घोट घेईपर्यंत उत्तर आलं, तेच शब्द, खाली-वर केलेले.

“साथीदार कोण रे तुझा?” अबू सरमदने खांद्यावरून डोकावून विचारलं.

“ओळखत नाही,” मुहन्नद म्हणाला.

त्याने नवं अकाउंट काढलं. तळाशी हजारो खेळाडू, बहुतेक शाळकरी पोरं, शिव्या देणारी. त्यांच्यात एक माणूस शोधायचा कसा? आणि त्या दुकानदाराने कुतैबाला पुन्हा लॅपटॉप दिला असेल की नाही, तेही कळायला मार्ग नव्हता.

शेवटी मेहुण्याला इरबिलहून माल आणतो असं सांगून तो टॅक्सीत बसला आणि छावणीच्या फाटकाशी उतरला. पहारेकऱ्याने त्याचं ओळखपत्र हातात घेतलं.

“कुणाला भेटायचंय?”

“कुतैबा याह्या.”

पहारेकऱ्याने ओळखपत्र उलटसुलट केलं. बापाचं नाव वाचलं. “कुतैबा म्हणजे त्या घरातला ना? तुझा कोण लागतो?”

कुंपणापलीकडे पाण्याच्या टँकरपाशी माणसं रांगेत उभी होती. मुहन्नद एकेक चेहरा बघत गेला. त्याला आठवत होता तो खिडकीतून पाहिलेला, ट्रकवर सामान चढवणारा कोवळा तरुण. छावणीतल्या इतक्या वर्षांनंतर समोर उभा राहिला तरी ओळखता आला नसता.

“विचारतोय मी. कोण लागतो?”

“कोणी नाही.”

“मग कशाला आलास?”

“जुने टायर मिळतात, असं कुणीतरी सांगितलं.”

“इथे टायर नाहीत. जा.”

ओळखपत्र परत मिळालं. मुहन्नद रस्त्याच्या कडेला उन्हात उभा राहून टॅक्सीची वाट बघू लागला. रांगेतल्या एकाने डबा खाली ठेवला आणि फाटकाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मुहन्नदने हात वर केला नाही. मग टॅक्सी आली.

अंतिम सामना अबू सरमदने मोठ्या पडद्यावर लावला. सगळी गल्ली लोटली. मुहन्नद दुकानात होता. एका मिनीबसचं मागचं चाक खोलायचं होतं आणि नट गंजून बसले होते.