चौकोनातली चांदणी

"ताई, त्या चौकोनात आकड्याऐवजी चांदणी काढलीय. ती चांदणी म्हणजे कोण?"

हे मी विचारलं. तेही उभं राहून, सभागृहाच्या अगदी मागच्या बाकावरून, दीडशे डोक्यांवरून. पैज माझ्या मैत्रिणींनी, तुआइने आणि पोकोनं, लावली होती. "विचारलंस तर शनिवारचे माझे डोनट तुझे," पोको कुजबुजली होती. "नाही विचारलंस तर भाषणाचा चषक शाळेला परत." तो चषक मी तीन आठवड्यांपूर्वी जिंकला होता. त्याआधी मी चारचौघांत पाणी मागायलाही लाजायचे. आता स्वतःचा आवाज मला इतका आवडायला लागला होता की तो वापरायला निमित्तच हवं असायचं.

सभागृह हसलं. राजधानीच्या बेटावरून, रारोटोंगाहून, आरोग्य खात्याचे आकडे घेऊन आलेल्या बाईही हसल्या. पडद्यावर आमच्या बेटाच्या तब्येतीचा तक्ता होता. वर साखरेचा आजार, रक्तदाब. खाली कर्करोग, वय पंचेचाळीस ते एकोणसाठ, गेली पाच वर्षं. बायका सहा. पुरुष, चांदणी. एकूण सात.

"पाचापेक्षा कमी माणसं असली की आम्ही आकडा लिहीत नाही," बाई म्हणाल्या. "छोट्या जागी माणूस लगेच ओळखू येतो ना, म्हणून झाकून ठेवतो."

इथे मी खाली बसायला हवं होतं. डोनट माझे झाले होते. पण गप्प बसले तर मी कसली!

"पण ताई, सातातून सहा गेले तर एक उरतो. म्हणजे चांदणी एकच माणूस आहे!"

टाळ्या पडल्या. हेडमास्तर तर असे खूश, जणू वजाबाकी त्यांनीच शोधून काढली. बाईंचा चेहरा मात्र उतरला. त्या घाईघाईनं पुढचं पान लावायला गेल्या, ते चुकून मागचं लागलं. बेटाची लोकसंख्या. एकूण तीनशे ऐंशी. त्या वयाचे पुरुष, चौदा.

टाळ्या विरत गेल्या. त्या सहा बायका कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दर रविवारी चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होते. पुरुषाचं नाव मात्र तिथे पाच वर्षांत एकदाही घेतलं गेलं नव्हतं. म्हणजे चौदातला कुणीतरी एक जण हे पोटात ठेवून गप्प बसला होता, आणि बहुतेक इथेच, आमच्यात बसला होता. बायकांच्या विणलेल्या टोप्या एकेक करून नवऱ्यांकडे वळल्या.

दाराजवळून माझा बाबा उठला. "पडावाचा दोर बघून येतो," असं शेजारच्याला म्हणाला आणि गेला.

बाबा, म्हणजे तिमोती, पडावाचा, माल वाहणाऱ्या सपाट होडीचा, तांडेल. आमच्या बेटाला बंदर नाही. जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं, आणि पीठ, डिझेल, सिमेंट, नवी सून, कुणाची शवपेटी, जे काही येईल ते प्रवाळाच्या भिंतीतल्या अरुंद खिंडीतून बाबा पडावात घालून काठाला आणतो. सव्वीस वर्षं हेच. लहानपणी मी त्याला विचारलं होतं, आत शिरायची वेळ कशी कळते? तो म्हणाला होता, "दहा लाटांत तीन लहान असतात. कुठल्या तीन, ते समुद्र सांगत नाही. पण बाहेर थांबूनच राहिलं तर एकही कामाची नाही."

आता जहाज यायला बारा दिवस होते. पडाव काठावर ओंडक्यांवर चढवलेला होता. कोरड्या जमिनीवरच्या पडावाचा दोर कशाला बघायचा? पण तेव्हा हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी अजून टाळ्यांतच होते.

सभा संपल्यावर आम्ही तिघी काठावरच्या बांधावर जाऊन बसलो. पोकोनं प्रवाळाचे चौदा खडे मांडले, एकेका पुरुषाचा एक.

"पाद्री काढ. ते यंदाच आलेत," ती म्हणाली. खडा पाण्यात.

"दुकानवाला काढ. त्याला ठसका लागला तरी तो विमान मागवतो." आम्ही खिदळलो. दुसरा खडा पाण्यात.

असे एकेक जण आम्ही बरे करत गेलो. कोणी मागच्या महिन्यात नारळाच्या झाडावर चढला होता, कोणी चाळिशीनंतर बाप झाला होता. कसली तपासणी होती ती! पण खेळ रंगला होता. शेवटी तीनच खडे उरले. तुआइनेनं हात मागे घेतला.

"यातला एक माझा बाप आहे," ती म्हणाली.

"अगं, तुझा बाप नसेल..."

"कशावरून? परवापासून पाठ दुखतेय म्हणतो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तेपाएरू, तू कशाला गं उभी राहिलीस? एवढी हुशारी कुणी मागितली होती?"

ती उठून पळत घरी गेली. पोकोही तिच्यामागे गेली. मी उरलेल्या खड्यांकडे बघत राहिले. एक तुआइनेच्या वडिलांचा, एक हेडमास्तरांचा, एक माझ्या बाबाचा. बाबाला काय झालंय, कालच तर तो... कालच तो काय करत होता? पिठाचं पोतं भिंतीला टेकवून उभा होता. उचललं आईनं. मार्चमध्ये तो इंजिनाचा सुटा भाग आणायला रारोटोंगाला गेला, आठ दिवस राहिला आणि हात हलवत परत आला. "मिळाला नाही," म्हणाला. इंजिन मात्र त्या भागावाचून पाच महिने छान चाललंय. कमरेच्या पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवी भोकं पाडलीत. एक नाही, तीन.

मी बाबाचा खडा उचलला, मुठीत धरला आणि पडावाकडे धावले.

बाबा पडावाच्या सावलीत बसला होता. मांडीवर खरंच दोराचं वेटोळं. आई आधीच पोचली होती, त्याची विसरलेली टोपी हातात घेऊन उभी.

"आलीस? वजाबाकी बरी येते तुला," बाबा म्हणाला.

चषक मिळवणारा आवाज कुठे गेला कोण जाणे. "बाबा, मी सगळ्यांसमोर तुझं..."

"तू काही सांगितलं नाहीस, पोरी. तुला तरी कुठे माहीत होतं?"

"आणि मला?" आई म्हणाली. "मला कुठे माहीत होतं? हिनं चौदा मोजले असतील. मी एकच मोजला. दोर बघायला उठलास तेव्हाच! पाच महिने, तिमोती. पाच महिने माझ्या शेजारी झोपून..." तिनं टोपी त्याच्या डोक्यावर इतकी जोरात बसवली की ती कानांपर्यंत गेली.

बाबानं ती काढली नाही. तसाच, टोपीखालून बोलत राहिला. "आतड्यात आहे. ऑकलंडला जाऊन कापून घ्यायचं, म्हणतात. अकाइती नर्स दर आठवड्याला शुक्रवारच्या विमानाचं विचारते. मी म्हणतो, पडाव कोण नेईल?"

"पीठ नाही आलं तर तारोचे कंद खाऊ. आपले आजे काय पावावर वाढले?"

"अकाइती म्हणते, कापून घेतलेल्या शंभरांतले साठ पाच वर्षांनी चांगले असतात." तो दोराकडे बघत होता. "शंभर मोठे पुरुष तरी आहेत का या बेटावर? मी तिला विचारलं, मी साठातला की चाळिसातला? ते म्हणे कुठल्याच तक्त्यात नसतं." मग हळूच म्हणाला, "मला भीती वाटते गं. खिंडीत कधी वाटली नाही एवढी."

वादळात पडाव उलटायला आला होता तेव्हा शिट्टी वाजवणारा माझा बाबा. त्याला भीती वाटते, हे ऐकून मी त्याच्या शेजारी वाळूत बसले. साठ वजा केले तरी चाळीस उरतात. ही वजाबाकीही मला येत होती. येत नसती तर बरं झालं असतं.

"बाबा," मी म्हणाले, आणि आवाज पूर्वीसारखा, चषकाच्या आधीसारखा थरथरत होता. "दहांत तीन लाटा लहान. कुठल्या, ते समुद्र सांगत नाही. तरी तू शिरतोस ना आत? इथे तर दहांत सहा आहेत."

बाबानं खिंडीकडे बघितलं. लाटा येत होत्या, फुटत होत्या. आईनं त्याच्या मांडीवरचा दोर उचलला आणि पडावात टाकला.

"शुक्रवार परवाच आहे," बाबा म्हणाला.

"मी येतेय बरोबर. विचारत नाहीये," आई म्हणाली.

मग तिनं डोळे पुसले आणि गावाकडे बघितलं. "येताना ऐकलं मी. घराघरात तेच चाललंय. तुआइनेची आई नवऱ्याला अंगणात उभं करून पोट दाबून बघतेय. हेडमास्तरीणबाईंनी तर चूलही पेटवली नाही."

चौदा घरं. माझ्या एका प्रश्नानं चौदा घरांत भीती शिरली होती, आणि त्यातल्या तेरांत ती उगाच होती.

मी मूठ उघडली. खड्याचे काठ तळव्यावर उमटले होते. तो मी बाबाच्या हातात दिला. कसला खडा, कशाचा, त्यानं विचारलं नाही. बोटं मिटून घेतली.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी उठून उभी राहिले. "बाबा नको म्हणाला तर थांबेन. नाहीतर मी आत्ता निघते. आधी तुआइनेकडे, मग बाकीच्या बारा घरी. सभागृहात नाही, भाषण नाही. दारात उभी राहून एवढंच सांगेन: चांदणी आमच्या घरची आहे. तुम्ही जेवून घ्या."