लेकीच्या घरचं पाणी

पुंजारामला जिल्ह्यातले सगळे घाट तोंडपाठ होते, पण घरची गोष्ट चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. गाडीत पाहुणे बसले की हीच जीभ अशी सुटायची की विचारू नका. "आता पुढचं वळण बघा साहेब, असं दृश्य काश्मीरात नाही," हे तो दौलताबादच्या घाटातही म्हणायचा आणि म्हैसमाळच्या टोकावरही. काश्मीर त्यानं फक्त कॅलेंडरवर पाहिलं होतं.

औरंगाबादच्या एका मालकाची जीप तो चालवायचा. त्या वर्षी दिवाळी नुकतीच सरली होती आणि सिडकोतल्या श्रीनिवास साहेबांनी गाडी ठरवली. साहेब इंजिनिअर, त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई कॉलेजात शिकवणाऱ्या. सगळा जन्म या शहरात गेला आणि आपलेच डोंगर बघायचे राहिले, असं बाईंच्या मनानं घेतलं होतं. दौलताबाद, म्हैसमाळ, वेरूळ, मग कन्नडवरून गौताळ्याचं जंगल, तिथून अंतूरचा किल्ला, आणि आल्या वाटेनं परत, असा ऐसपैस बेत होता. गौताळ्याचं नाव निघालं आणि पुंजारामनं ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. त्या जंगलाच्या काठावर कड्याची वाडी होती आणि तिथं त्याची एकुलती एक लेक चतुरा दिलेली होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याची बायको मनकर्णा चुलीपुढून उठली आणि दारात येऊन उभी राहिली.

"दिवाळीला तुमी मुराळी होऊन पोरीला आणाया गेलते," ती म्हणाली. "सुगी हाये म्हणून इवायानं धाडली नाय, आन तुमी मान हलवून माघारी आले. आता लोक म्हणायलेत, जावई दुसरी बायको करतोय. चार-पाच वर्षांत लेकरू नाय म्हणून. पोरगी तिथं एकटी हाये. या येळी तिला घेऊनच या."

"आणतो की," पुंजाराम म्हणाला. "वाटंवरच तर हाये."

माणूस वाईट नव्हता. लेकीवर त्याचा जीव होता, ती लहान असताना तिला मांडीवर बसवून तो मालकाच्या गाडीचं स्टिअरिंग धरू द्यायचा. पण कुणी चढ्या आवाजात बोललं की हा गार, आणि कुणी गोड बोललं की त्याहून गार. असल्या बापाच्या लेकीनं कुणाकडे बघायचं, हे ज्यानं त्यानं सांगावं.

दौरा झकास सुरू झाला. दौलताबादच्या अंधाऱ्या वाटेत साहेब दोनदा डोकं आपटून घेते झाले, म्हैसमाळला बाईंनी कड्यावर बसून सूर्यास्त पाहिला. वेरूळ करून, कन्नड मागं टाकून जीप गौताळ्याला लागली तेव्हा डोंगर अजून हिरवे होते, गवत मात्र वरून पिवळं पडायला लागलेलं. दऱ्या एकात एक उघडत होत्या. पुंजारामनं मनात एक हिशेब मांडला होता. पाहुण्यांना जेवायला लेकीच्याच घरी न्यायचं. शहरातली मोठी माणसं आपल्या ओसरीवर बसलेली पाहून इवाई नरमेल, लेकीचा मान वाढेल, मग हळूच विषय काढता येईल. बाईंनाही खेड्यातलं घर बघायचंच होतं.

इवाई, म्हणजे चतुराचा सासरा कारभारी, हा गावात वजन असलेला गडी. त्यानं पाहुण्यांना घोंगडी अंथरली, विहीणबाई भागूबाईंनी ठेच्याबरोबर गरम भाकऱ्या वाढल्या. जावई शेतावर होता. चतुरा डोक्यावर हंडा, हंड्यावर घागर घेऊन दरीतून वर आली तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता. झरा खाली तळाला होता आणि उन्हाळा-पावसाळा पाणी तिथूनच आणायचं. मीनाक्षीबाई लगबगीनं उठल्या आणि मागच्या दरीसकट तिचे फोटो काढले.

"किती देखणं दिसतं हे!" त्या म्हणाल्या. "पुंजाराम, तुमची मुलगी नशीबवान हो. रोज उठून असा डोंगर समोर. आम्ही यासाठी रजा काढून येतो."

"व्हय बाई. लई सुखात हाये," पुंजाराम म्हणाला, आणि हसला सुद्धा.

चतुरानं सगळ्यांना पाणी दिलं. तांब्या बापापाशी आला तशी ती थांबली नाही, तशीच पुढं गेली. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही रीत मनकर्णाच्या बापानं पाळली होती आणि पुंजारामही लग्नापासून पाळत आला होता. गाडीतल्या बाटलीतलं कोमट पाणी त्यानं घशात ओतलं. भागूबाईंनी मुद्दाम पाहुण्यांना सांगितलं, "आमचे इवाई अजून पाणी पीत नायत. कधी प्यायला मिळतंय देव जाणे." त्यावर कारभारी खाली बघून सुपारी कातरत राहिला.

आत्ता बोलायचं होतं. पाहुणे बसलेले, इवाई समोर, लेक उभी. पुंजारामनं घसा खाकरला आणि म्हणाला, "यंदा मका चांगली दिसतीया."

जेवणं झाल्यावर तो जीपचं बॉनेट उघडून उभा राहिला. चतुरा घागर घेऊन आली आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतू लागली.

"गाडीनं पेलं, तुमी नाय पेलं," ती बारीक आवाजात म्हणाली. मग आवाज आणखी उतरला. "आबा, सुपारी फुटली. तुळशीचं लगीन झालं की दुसरी येती. मला आताच न्या."

"आता? आन बसशील कुठं?"

"मागं, सामानात. पिशवी बांधून ठिवली हाये."

पुंजारामनं ओसरीकडं पाहिलं. साहेब कारभारीला घाटातल्या रस्त्याविषयी काहीतरी समजावत होते.

"अशी पाव्हण्यांच्या गाडीत घालून नेली तर पळाली म्हणतील गं. रीतीनं नेतो. परवा परतीला हिकडूनच येणार हाये. इवायाला सांगून, साडी-चोळी करून नेतो तुला."

"घरी नका येऊ. घरी आले की हे गोड बोलतेन आन तुमी मान हलवून जाल. मी फाट्यावर थांबते. नुसती गाडी उभी करा, मी चढते."

लेक बापाला पुरती ओळखून होती. पुंजारामला ते झोंबलं, पण खोटं कसं म्हणणार?

"येतो. तुझ्या आईची आन," तो म्हणाला.

तिनं रिकामी घागर कमरेवर घेतली आणि पहिल्यांदाच जरा हसली. जीप वळली तेव्हा ती दरीच्या कडेला उभी होती, आणि मीनाक्षीबाईंनी मागं वळून तिचा आणखी एक फोटो घेतला.

अंतूरचा किल्ला पाहुण्यांना फार आवडला. ढासळलेल्या तटावर बसून साहेबांनी वाऱ्याला तोंड दिलं, बाई दरवाज्यावरचा फारशी लेख बोटानं चाचपत राहिल्या. पुंजाराम खाली गाडीपाशी बसून लेकीला कुठं बसवायचं याची जुळवाजुळव करत होता. त्यानं स्टेपनी टपावर बांधली, मागं सतरंजीची घडी टाकली, बाईंची बॅग उचलून पुढं ठेवली. इतका तयारीचा माणूस. फक्त तोंड उघडायचं राहिलं होतं.

परतीच्या दिवशी सकाळी साहेबांनी नकाशा बॉनेटवर पसरला.

"पुंजाराम, आल्या वाटेनं कशाला जायचं? इथून सिल्लोडच्या अंगानं अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट करू आणि सरळ रस्त्यानं घरी. नवीन काहीतरी बघून होईल."

पुंजारामनं नकाशाकडं पाहिलं. 'साहेब, माझी पोरगी फाट्यावर उभी हाये,' एवढंच म्हणायचं होतं. पण काल-परवा आपणच तिला लई सुखात हाये म्हणालो होतो. आता काय सांगायचं, की सवत येतीया म्हणून ती पळून यायलीय? बाई काय म्हणतील? मग त्याच्या तोंडून जे निघालं ते रोजच्या सवयीचं निघालं.

"गौताळ्याकडून जाऊ ना साहेब. तिकडचा धबधबा राहिलाय. असं दृश्य काश्मीरात नाही."

साहेब मोकळं हसले. "अहो, दिवाळीनंतर कसला धबधबा! आणि दऱ्या आता पोटभर झाल्या. चला."

बस, इतकंच. त्यानं आणखी एकदा म्हणावं, हट्ट धरावा, निदान गाडी बिघडल्याचं नाटक तरी करावं! पुंजाराम गाडीत बसला आणि त्यानं चावी फिरवली. मला त्याचा राग येतो तो इथं येतो.

अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवरून वाघूर नदीचं वळण आणि पलीकडच्या कड्यात ओळीनं कोरलेली लेणी दिसतात. पाहुणे मान वर-खाली करत थक्क झाले. पुंजाराम पाठ फिरवून मावळतीकडं बघत होता. ऊन अजून वर होतं, अजून कन्नड गाठता आलं असतं. नंतर ऊन कलत गेलं आणि तो फुलंब्रीच्या रस्त्याला लागला तेव्हा त्यानं त्या बाजूला बघायचंच सोडून दिलं.

सिडकोत सामान उतरवताना बाई थबकल्या.

"अगंबाई, पुंजाराम! मुलीला परत भेटायचं राहिलं की तुमचं. सांगायचं नाही का? आलो असतो तिकडून. आम्हाला काय, दोन तास उशीर झाला असता."

पुंजारामनं बॅग खाली ठेवली. त्याला एकाएकी रडायला आलं आणि त्यानं ते खोकल्यात घालवलं.

घरापुढं जीप थांबली तशी मनकर्णा पदर खोचत बाहेर आली. तिनं नवऱ्याकडं बघितलंच नाही. मागं जाऊन कनात उचलली, आत सतरंजीची घडी बघितली आणि कनात सोडून दिली.

उद्या जातो म्हणता म्हणता मालकानं त्याला शिर्डीच्या भाड्यावर पाठवलं, आणि खरं सांगायचं तर तो निमूट गेला, कारण वाडीला जायला त्याचे पाय उचलत नव्हते. तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर मनकर्णानं साडीची घडी त्याच्या हातात कोंबली आणि त्याला बसस्टँडवर नेऊन सोडलं. एसटीनं त्याला फाट्यावर उतरवलं.

फाट्यावर वच्छलाबाईचं चहाचं दुकान होतं. तिनं त्याला ओळखलं.

"आता आले व्हय?" ती म्हणाली. "पोरगी दिसभर बसली हितं, पिशवी मांडीवर घिऊन. आवाज आला की उठायची. जीप, ट्रक, काय बी येऊ द्या, उठून हुबी राहायची. म्या म्हणलं चहा घे, तर म्हणती आबा आल्यावर घेऊ संगट."

"मंग?"

"मंग अंधार पडल्यावर सासरा आन नवरा आले. मारलं-बिरलं नाय. सासरा म्हणला, बघितलं ना, तुला कोण बी न्यायला येत नाय. चल घरी. पुढं ती, मागं हे, आन सारं गाव दारात. त्याच्या म्होरल्या हप्त्यात लगीन लागलं. आदी पोरीकडचे लोक येतेन, भांडतेन म्हणून घाबरून व्हते. आता कशाला घाबरत्यात?"

फाट्यापासून वाडीपर्यंत चढ होता. पुंजाराम चालत गेला, घसा कोरडा ठणठणीत. दरी तशीच होती, डोंगर तसेच होते. मांडवाचे वासे दारात उभे होते आणि वाळलेली आंब्याची पानं वाऱ्यानं खरखरत होती. आतून बांगड्यांचा नवा आवाज येत होता. कारभारीनं हसून घोंगडी टाकली आणि म्हणाला, "या इवाई, बसा. उन्हातून आलात."

चतुरा बाहेर आली. डोईवरचा पदर तिनं कपाळापर्यंत ओढला होता. बापाच्या पाया पडली नाही की आईचं विचारलं नाही. ती सरळ त्याच्यापुढं आली आणि भरलेला तांब्या तिनं पुढं केला.

"पाणी घ्या," ती म्हणाली.

पुंजारामला वाटलं, ती चुकली. "चतुरे, म्या हाय गं. तुझा आबा. म्या कुठं पितो हितलं पाणी?"

"वाटंवरच्या माणसाला पाणी द्यावं लागतं," चतुरा म्हणाली. आवाजात राग नव्हता. तांब्या तसाच धरलेला होता आणि हात जरासुद्धा हलत नव्हता.

कारभारी बघत होता. दाराआडून ती नवी पोरगी बघत होती. नको म्हणायचं तर बाप म्हणून म्हणावं लागलं असतं, आणि बाप म्हणवून घ्यायला त्याच्याकडं तोंड उरलं नव्हतं. पुंजारामनं दोन्ही हातांनी तांब्या घेतला. पाणी गार होतं, दरीच्या तळातून तिनंच वाहून आणलेलं. तो सगळं प्याला.

चतुरानं रिकामा तांब्या घेतला, पालथा करून ओसरीच्या कडेला ठेवला आणि हंडा-घागर उचलून ती दरीकडं निघाली. साडीची घडी पुंजारामच्या मांडीवर तशीच राहिली.