झुंबर नावाचं विमान

पंकजा परभणीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. वडील हवाई दलात फिटर होते, त्यामुळे विमानांचा नाद तिला लहानपणीच लागला. खासगी संग्रहालयांत एकेकाळी ठेवलेली जुनी लढाऊ विमानं आधी कुठं उडाली, कुणी उडवली आणि संग्रहालय बंद पडल्यावर कुठं गेली, याचा ती माग काढायची. सुट्ट्या त्यातच जायच्या.

त्या वर्षी ती एका पिवळ्या हार्वर्डच्या मागे लागली होती. महायुद्धाच्या काळात लढाऊ वैमानिक ज्यावर तयार व्हायचे, त्यातलं हे विमान. दक्षिणेतल्या एका गिरणीमालकाच्या संग्रहालयात ते बरीच वर्षं होतं. मालक वारले, संग्रहालय बंद पडलं आणि विमान बंगळुरूच्या एका वर्कशॉपमध्ये गेलं. तिथं ते दुरुस्त करणारा गोपाळ मूळचा सोलापूरचा. संग्रहालयातही तोच त्याची निगा राखायचा. त्याने पंकजाला एक फोटो पाठवला. सामानाच्या खणाच्या झाकणावर, आतल्या बाजूने, ब्रशने लिहिलं होतं : झुंबर.

"संग्रहालयात सगळे म्हणायचे, कुण्या नवाबाच्या दिवाणखान्यातलं झुंबर असणार," गोपाळ फोनवर म्हणाला.

पंकजा हसली. "दादा, आमच्याकडं झुंबर बाईचं नाव असतं."

हे विमान हैदराबादकडच्या तळावर होतं एवढं तिला ठाऊक होतं. तिथून मराठवाडा काही लांब नाही. तिने गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, पूर्वी कुणाच्या रानात विमान उतरल्याचं ऐकलंय का? बरेच दिवस नुसते हसण्याचे इमोजी आले. मग एक फोन आला. बोलणारा परमेश्वर राणीसावरगावचा, पण ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेला.

"ताई, आमच्याच रानात उतरलं होतं म्हणं. आजी लय सांगती. झुंबरबाई नाव हाय तिचं. तुमी जावा, ती घरीच हाय."

पंकजा त्याच रविवारी गंगाखेडमार्गे एसटीने गेली. ऐंशीच्या घरातल्या झुंबरबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. विमानाचं नाव काढताच त्यांनी सूप बाजूला सारलं.

"ज्वारी काढून झाली होती. आमी शेतातच होतो. विमान आलं ते खोकतच आलं बघ, आन् धाडकन रानात टेकलं. बाया-माणसं जी पळाली! मी लहान, मला पळायचं सुधरलंच न्हाई. आतून एक पोरगेला माणूस उतरला. कपाळातून भळाभळा रगत. माझ्या हातात पाण्याची चरवी होती, तीच पुढं केली. पाणी पिऊन त्यानं माझं नाव इचारलं."

झुंबरबाईंचे वडील सटवाजी परत फिरले आणि त्यांनी डोक्याचा पटका फाडून वैमानिकाचं कपाळ बांधलं. पुढं लष्कराचा ट्रक आला, मिस्त्र्यांनी इंजिन दुरुस्त केलं. पण उडायला रान अपुरं. मध्ये बांध होता. पलीकडचं रान बन्सीधरचं आणि त्याच बांधावरून सटवाजीचं नि त्याचं बोलणं बंद होतं.

"मग?" पंकजाने विचारलं.

"मग काय! माझा बाप कुदळ घेऊन बांधावर उभा ऱ्हायला. पलीकडून बन्सीधर काका बी कुदळ घेऊन आले. कोण कुणाला काई बोललं न्हाई. दोघांनी मिळून बांध फोडला, मग साऱ्यांनी धोंडे येचले. विमान उडालं तवा दोघं एकाच लिंबाखाली उभे व्हते. तो बांध पुन्हा कुणी घातलाच न्हाई."

बोलता बोलता त्या थांबल्या. "माय, एक सांग. ते पोरगं नीट पोचलं का गं? डोक्याला लागलेलं, तसंच गेलं. कुणाला इचारावं?"

अंगणात येऊन पंकजाने गोपाळला फोन लावला आणि सगळं सांगितलं. कपाळावरच्या जखमेचं ऐकताच तो मध्येच बोलला, "थांबा. एक म्हातारे गृहस्थ दरवर्षी संग्रहालयात यायचे. विमानाला हात लावून उभे राहायचे, कारण कधी सांगितलं नाही. त्यांच्या कपाळावर व्रण आहे. बेळगावचे, नागेश नावाचे. संग्रहालय बंद झाल्यावर विमानाचं काय झालं म्हणून त्यांच्या सुनेनं फोन केला होता. नंबर आहे माझ्याकडं."

तासाभराने पंकजाने मोबाइल झुंबरबाईंच्या समोर धरला. पडद्यावर खुर्चीत बसलेले, स्वेटर घातलेले एक वृद्ध होते.

"दादा, पोचलास ना नीट?" झुंबरबाईंनी विचारलं.

नागेशरावांनी हात जोडले. "पोचलो, बाई. तुमच्यामुळं पोचलो. मी त्या दिवशी ठरवलं होतं, आता विमानात पाऊल ठेवायचं नाही. इतका घाबरलो होतो. पण तुमच्या वडिलांनी उभं रान मोकळं करून दिलं. एवढ्या माणसांनी माझ्यासाठी दगड उचलले, मग मी कसा मागे हटणार? साहेबांच्या नजरेला पडणार नाही अशा जागी तुमचं नाव लिहिलं. वडिलांचं नाव विचारायचं राहून गेलं होतं."

"सटवाजी."

"सटवाजी," त्यांनी सावकाश म्हणून पाहिलं. "मी नंतर पुष्कळ वर्षं उडवलं. पुष्कळ पोरांना शिकवलं. ते सगळं त्यांचंच देणं आहे."

"आमच्यावर बी तुझे उपकार हायेत," झुंबरबाई म्हणाल्या. "तू उतरला नसतास तर माझा बाप आन् बन्सीधर काका तसेच मेले असते, एकमेकाचं तोंड न बघता. त्यांच्याच घरी दिलं मला पुढं. नांदले, सुखात नांदले."

नागेशराव मोठ्याने हसले. मागून सून काळजीने डोकावली, तर तेच तिला म्हणाले, "अगं, बघतेस काय, नमस्कार कर."

विमानाच्या इतिहासात पंकजाने सटवाजी आणि बन्सीधर ही दोन्ही नावं घातली. झुंबर म्हणजे कोण, तेही लिहिलं. आजवर तिने विमानांचे नंबर नि तळ शोधले होते. माणसं पहिल्यांदाच हाताला लागली होती. त्याबद्दल नेमके कुणाचे आभार मानावेत, हे तिला कळेना. म्हणून तिने आधी उसाच्या फडात असलेल्या परमेश्वरला फोन लावला.

"ताई, आजीचा फोन सारखा बिझीच लागायलाय," तो तक्रार करत म्हणाला. "बेळगावला बोलायलीय म्हणं. तुमी तिला काय लावून दिलं हो?"